मुठीतला गाळ

सतरा वर्षं मी गाळ पिळते आहे. माजालायात, बांडुंगजवळच्या आमच्या गावात, कापडगिरण्या पुष्कळ आणि गाळ पिळणारे पुरुषही पुष्कळ, पण बाई मी एकटीच होते. हे सांगताना मला अजून बरं वाटतं.

रंगाईच्या हौदांतून आलेलं निळं-जांभळं पाणी आमच्याकडे साफ होतं. पाणी पुढे नदीला जातं, मागे गाळ उरतो. दिसायला दाट, पण शंभरातले सत्त्याण्णव भाग पाणीच. आणि ते पाणी नुसतं दाबून निघत नाही. जोर लावला तर कापडातून पाण्याऐवजी गाळच बाहेर येतो. त्याचे कण फार बारीक असतात आणि एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत. जो तो आपलं पाणी धरून बसलेला. त्यांना आधी एकत्र आणावं लागतं. त्यासाठी आम्ही फेरिक, म्हणजे लोखंडाच्या क्षाराचं गंजाच्या रंगाचं पाणी, ओतायचो, मागून कालवलेला चुना, आणि हळू ढवळायचो. दूध फाटावं तसा गाळ फाटला, त्याच्या गुठळ्या धरल्या, की मग तो प्रेसमध्ये, कापड लावलेल्या पाट्यांच्या मध्ये, दाबायला घालायचा. दोन तासांनी पाट्या उघडल्या की विटेसारखी कडक ढेप धाडकन खाली पडायची. तो आवाज मला आवडायचा.

हे मला शिकवलं सार्किम आबांनी. सूतखात्यातून मला कमी केलं तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते. आबा तेव्हा गाळाच्या शेडचे मुख्य. पहिल्याच दिवशी त्यांनी फाटलेला गाळ माझ्या हातावर ठेवला.

"पीळ. बोटांतून काय आलं?"

"पाणी."

"कसं?"

"निवळ."

"मग जमलं. काळं आलं तर मात्रा कमी पडली. मूठ उघडल्यावर गाळ हाताला चिकटला तर काहीतरी जास्त झालं. बाकी सगळं हात शिकवेल."

दोन वर्षांत मला मोजमाप बघायची गरज उरली नाही. मग एकदा सगळ्यांच्या देखत आबा म्हणाले, "नेंग, तुझा हात बोलतो." नेंग म्हणजे लाडकी लेक. माझे वडील मला नावानेसुद्धा कधी धड हाक मारत नसत. त्या दिवशी मी घरी गेले आणि नवऱ्याला, यायतला, तीनदा तेच सांगितलं.

"कळलं," तो म्हणाला. "आता बोलणाऱ्या हाताने भात वाढ."

आबा निवृत्त झाले तरी रोज दहाच्या सुमाराला यायचे. काळी टोपी, काखेत कॉफीचा थर्मास. चुन्याच्या पोत्यांवर त्यांची जागा ठरलेली. "घरी टीव्ही बोलतो आणि मी ऐकतो," म्हणायचे. "इथे निदान कुणी शिव्या तरी देतं." त्यांच्या बोटांची टोकं चुन्याने खाऊन गुळगुळीत झाली होती आणि चुन्याच्या धुळीनं त्यांना कायमचा खोकला लावला होता. दर गुरुवारी मी त्यांच्यासाठी केळीच्या पानात शिजवलेला मासा न्यायचे. ते पान उलगडून आधी वास घ्यायचे, मग माझ्याकडे बघून मान हलवायचे. माझा आठवडा त्या मान हलवण्यावर निघायचा.

रेंगानिस आली ती कोरड्या दिवसांत. सव्वीस वर्षांची, बांडुंगहून पदविका घेतलेली, उंच, आणि दम न घेता प्रश्न विचारणारी. गुमिलार साहेब, म्हणजे आमचे व्यवस्थापक, तिला घेऊन शेडमध्ये आले.

"एंतिन ताई, ह्या रेंगानिस. चुना-फेरिक बंद करून पॉलिमरवर जायचं का, ते ह्या बघणार आहेत."

"बघू देत की," मी म्हटलं. "बघायला काय जातंय?"

तिने माझ्या दोन्ही हातांत हात घेऊन नमस्कार केला आणि लगेच विचारलं, "ताई, फेरिक आधी आणि चुना नंतर, असंच का? उलट केलं तर?"

"असंच करतात."

"हो, पण का?"

मी हातमोजे शोधायला लागले. मागून, पोत्यांवरून, आबांचा आवाज आला. "ये इकडे, मी सांगतो." आणि ते सांगत राहिले, अर्धा तास. मी तिकडे पाठ करून पाट्या घासत होते, पण शब्दन् शब्द ऐकला. त्यातलं निम्मं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

तिने कोपऱ्यात टेबल मांडलं. सहा बीकर, घड्याळ, आणि एक छोटं यंत्र, ज्यात गाळाखाली जाड कागद ठेवून पाणी कागदावर किती सेकंदांत पसरतं ते मोजायचं. लवकर पसरलं तर गाळ पाणी सोडायला राजी आहे. पॉलिमर म्हणजे साखरेसारखी पांढरी भुकटी. पाण्यात चिमूट चिमूट टाकून तासभर हळू ढवळली की अंड्याच्या पांढऱ्यासारखं बुळबुळीत पाणी होतं. चौथ्या दिवशी तिच्या एका बीकरमध्ये गाळाच्या अशा गुठळ्या धरल्या की प्रत्येक गुठळी भिजल्या साबुदाण्याएवढी, आणि मध्ये आरसपानी पाणी. सतरा वर्षांत चुन्याने मला एवढी मोठी गुठळी कधी दिली नव्हती.

आबा पोत्यांवरून उठले. टेबलापर्यंत गेले. बीकर उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहिले.

"चुना नाही?"

"चिमूटभरसुद्धा नाही, आबा."

"धूळ नाही, पोती नाहीत." ते हसले, खोकले, परत हसले. "अगं, आधी कुठे होतीस तू?"

दुसऱ्या दिवसापासून ते तिच्या टेबलाशेजारी स्टूल ओढून बसायला लागले.

जळणं म्हणजे काय ते मला तोवर माहीत नव्हतं. यायतवर मी कधी संशय घेतला नाही, शेजारणीच्या नव्या घराचं मला काही वाटलं नाही. आणि आता शेहेचाळीसाव्या वर्षी एका म्हाताऱ्या माणसाचं स्टूल चार हात सरकलं म्हणून माझा जळफळाट होत होता. ते हसले की मी कान द्यायचे. कॉफीचे कप मोजायचे. थर्मासमधून पहिला कप ते तिला देतात, हे मला आठवड्यात कळलं. गुरुवारी मासा नेला तर तिने घरून आणलेली दाण्याच्या चटणीतली कच्ची भाजी आबांच्या समोर आधीच होती.

"बस, एंतिन, तूही खा," आबा म्हणाले.

एंतिन. नेंग नाही. मी म्हटलं माझं पोट भरलंय, आणि मासा तिथेच ठेवून आले. संध्याकाळी पान रिकामं होतं; कुणी खाल्लं ते मी विचारलं नाही. ट्रकवर ढेपा भरणारा ओदिक मात्र गप्प बसणारा नव्हता.

"ताई, तुमचा मासा रेंगानिसनेच संपवला बरं का. काटे चोखून खाल्ले."

"तुला काय करायचंय? फावडं मार."

"मारतोय. पण तुमचं तोंड बघून फावडंसुद्धा घाबरतंय."

मग साहेबांनी आठवडाभराची चाचणी ठरवली. एका बाजूला माझा जुना प्रेस, चुना आणि फेरिक. दुसऱ्या बाजूला भाड्याने आणलेला पट्ट्यांचा नवा प्रेस: दोन लांब जाळीदार पट्टे, त्यांच्या मधून गाळ सरकत जातो आणि पिळला जातो. शुक्रवारी मुख्य कचेरीतून पाहुणे येणार, आणि ते बघून ठरवणार.

सोमवारी ती हरली. तिचं पॉलिमर शनिवारपर्यंत झकास चाललं होतं. सोमवारी तीच मात्रा घातली तर गुठळ्या धरेनात, काळं पाणी पट्ट्यातून ठिबकायला लागलं. तिचं तोंड उतरलं. तिने तीनदा मात्रा तपासली, कागदाचं यंत्र लावलं, डोक्याला हात लावून बसली. मला कारण माहीत होतं. रविवारी गिरणी बंद, गाळ टाकीत दीड दिवस पडून राहतो, आंबतो. आंबला की जास्त मात्रा खातो. सोमवारी माझा हात न सांगता जास्तच घालतो. एका वाक्यात तिला सांगता आलं असतं.

मी सांगितलं नाही. माझ्या ढेपा धाडधाड पडत होत्या. प्रत्येक आवाजाला ती मान वर करून बघत होती, आणि मला, खरं सांगते, फार गोड वाटत होतं.

मंगळवारी सकाळी मी आले तर आबा रोजच्यापेक्षा लवकर आलेले, ते आणि ती टाकीच्या कठड्यावर वाकले होते.

"डोळे मीट. आता वास घे. ताज्या गाळाला ओल्या मातीचा वास. ह्याला?"

"सडक्या अंड्याचा. थोडासा."

"थोडासा म्हणजे थोडी मात्रा वाढव. जास्त म्हणजे जास्त. तुझं घड्याळ सांगायच्या आधी नाक सांगतं."

मी जागच्या जागी थांबले. नाकाचं मला आबांनी कधीच सांगितलं नव्हतं. माझ्या हाताला जे समजलं होतं ते मी चुका करकरून, कापडं फाडून, दोन-तीन वर्षांत शिकले होते. तिला ते एका सकाळी मिळालं.

बुधवारी तिचा गाळ सुरेख सुटला. मी तिची ढेप हातात घेऊन म्हटलं, "ओली आहे. माझी वीट बघ, आणि ही तुझी भिजलेली भाकरी."

"हो ताई, तुमची कोरडी आहे," ती म्हणाली. अगदी सरळ, मला लागावं म्हणून नव्हे. "पण तुमच्या विटेत पाव हिस्सा चुनाच आहे ना? आपण घातलेलाच आपण परत ट्रकमध्ये भरतो. माझ्या दोन खेपा होतात तिथे तुमच्या तीन."

ओदिक म्हणाला, "माझी पाठ हिच्या बाजूने." सगळे हसले. आबाही.

गुरुवारी दुपारी तिने बीकर बाजूला ठेवला, पट्ट्याच्या तोंडाशी वाहणारा गाळ ओंजळीत घेतला आणि पिळला. बोटांतून निवळ पाणी आलं. मूठ उघडली तर तळहात स्वच्छ. तिने न मोजता सांगितलं, "चारवर ठेवा. चार बरोबर आहे." पॉलिमरच्या पंपाला एक गोल बटण होतं, शून्य ते दहा आकड्यांचं. कागदाच्या यंत्रानेही तेच सांगितलं.

आबांनी तिचा ओला हात आपल्या चुन्याने खाल्लेल्या बोटांत धरला.

"नेंग," ते म्हणाले, "तुझा हात बोलतो."

त्यानंतरचं मला नीट आठवत नाही. घरी मी भात करपवला. यायत म्हणाला, "गिरणीतला गाळ गिरणीत ठेव ना, डोक्यात कशाला आणतेस?" मी ताट आदळलं.

शुक्रवारी सकाळी साडेदहाला रेंगानिस पाहुण्यांना आणायला फाटकाकडे गेली. ओदिक आवारात होता. आबा कॉफी ओतत होते, पाठ माझ्याकडे. मी नव्या प्रेसच्या मागे गेले, पंपाजवळ, आणि बटण चारवरून नऊवर फिरवलं. एवढंच.

पॉलिमर कमी झालं तर गाळ सुटत नाही, हे मला कळत होतं. जास्त झालं तर काय होतं, ते मी फक्त तिच्या एका बीकरमध्ये बघितलं होतं: गुठळ्या विरून चिकट लगदा होतो. बीकरएवढंच होईल, पाहुण्यांसमोर जरा फजिती होईल, असं माझ्या मनात होतं. पण दहा मिनिटांत पट्ट्यावर करडा शेंबूड जमला. जाळी बंद झाली. पाणी खाली जायला वाट नाही म्हणून सगळं दोन्ही कडांनी बाहेर यायला लागलं, जाड, तारा सुटलेलं, आणि फरशीवर पसरत गेलं. तेवढ्यात रेंगानिस पाहुण्यांना घेऊन दारात आली आणि तिथेच थांबली.

ती पट्टा थांबवायला धावली. मी सतरा वर्षांच्या सवयीने रबरी नळी उचलली. चुना सांडला की पाणी मारायचं, हेच मला ठाऊक.

"पाणी नको!" ती ओरडली. "ताई, पाणी मारू नका! मीठ टाका, मीठ!"

पण मी नळीचं पाणी सोडलं होतं. मिठाने पॉलिमर आवळतं, पण पाणी पडलं की ते आणखी फुगतं आणि फरशी तेल ओतल्यासारखी होते. आबा कप खाली ठेवून तिच्याकडे यायला निघाले होते, "घाबरू नकोस, नेंग" असं काहीतरी म्हणत. त्यांचा पाय माझ्या नळीच्या पाण्यात पडला आणि ते आडवे झाले. हाड मोडल्याचा आवाज मला पाण्याच्या आवाजातही ऐकू आला.

सगळे त्यांच्याकडे धावले. मी पंपाकडे गेले आणि बटण परत चारवर आणलं.

हे मी आजवर ज्यांना ज्यांना सांगितलं, ते सगळे नऊवर नेण्याबद्दल मला बोल लावतात. मला स्वतःला जास्त खुपतं ते परत चारवर आणणं.

आबांचं उजवं मनगट मोडलं होतं. दवाखान्यात नेतो म्हटलं तर ऐकेनात, त्यांना गावचा हाडवैद्यच हवा. रेंगानिस पंपाजवळ आली, आकडा बघितला, चार. कागद काढून मात्रा परत परत मांडली. पाहुण्यांपैकी एकाने विचारलं, "हे रोज असं होतं?" ती म्हणाली, "माझी काहीतरी चूक झालीये, साहेब. कुठे ते मला सापडत नाहीये."

शनिवारी तिने नोकरी सोडत असल्याचं पत्र दिलं. गुमिलार साहेब मला म्हणाले, "ताई, नवं यंत्र बुधवारी परत जाईल. तुमचं होतं तसं चालू ठेवा." दोघातिघांनी माझं अभिनंदन केलं. मी हसले. शनिवारचा अख्खा दिवस मी प्रेस चालवला, ढेपा पडत राहिल्या, आणि स्टूल रिकामं होतं, पोत्यांवरही कुणी नव्हतं.

रविवारी मी आबांकडे गेले. मनगट पानांत आणि फडक्यात बांधलेलं, खोलीभर हाडवैद्याच्या तेलाचा वास. सुनेने चहा ठेवला आणि ती बाहेर गेली.

"ती पोर आली होती काल," आबा म्हणाले. "रडत होती. मी म्हटलं, तुझी मात्रा चुकलेली नाही. गुरुवारी मी स्वतः हात लावून बघितलं होतं."

मोडक्या हाताने पडले होते आणि तरी तिचीच बाजू. तशा वेळीही माझा पुन्हा जळफळाट झाला.

"तू तिथेच होतीस," ते म्हणाले. "आकडा कितीवर होता?"

"चारवर."

"चारवर गाळ तसा चिकट होत नाही."

मी कप उचलून परत ठेवला. मग माझ्याच तोंडून निघालं, "वास घ्यायचं मला का नाही शिकवलंत? सतरा वर्षं होते मी."

आबांना त्या प्रश्नाचं नवल वाटलेलं दिसलं. म्हणाले, "तू विचारलंस कधी?"

"मला काय माहीत विचारायचं असतं?"

"तसं नाही. मी सांगायचो तेवढं तू चोख करायचीस. माझ्यापेक्षा चोख. मला वाटलं, हिला आता माझी गरज नाही. ही पोर डोकं खाते. हे का, ते का. तिने विचारलं की मला आठवतं, अरे, हे आपल्याला येतं. मलाच माहीत नव्हतं मला इतकं येतं." ते जरा थांबले. "तुझ्या हाताबद्दल मी जे बोललो होतो, ते खरंच होतं. एकाला म्हटलं म्हणून दुसऱ्याचं पुसलं जात नाही, एंतिन."

मला उठताना त्यांच्या पाया पडायचं होतं, जमलं नाही. मी थेट मशिदीमागच्या चाळीत गेले, जिथे रेंगानिस भाड्याने राहायची. दार उघडं होतं. ती बीकर वर्तमानपत्रात गुंडाळत होती.

"बटण मी फिरवलं," मी उंबऱ्यातूनच म्हटलं. "चारवरून. मग परत चारवर आणलं."

तिने बीकर खाली ठेवला. "कितीवर नेलं होतं?"

"नऊ."

"नऊ," ती पुटपुटली. मनातल्या मनात काहीतरी मांडत होती. "नऊवर... हो. तसंच होणार. म्हणजे माझं बरोबर होतं." आणि ती खाली बसून हुंदके द्यायला लागली. "माझं गणित बरोबर होतं. दोन दिवस मला वाटतंय की मला काही येत नाही. की आबांचा हात माझ्यामुळे मोडला."

"माझ्यामुळे मोडला."

मग तिने वर बघितलं, आणि आता तिला राग आला. "का? मी तुमचं काय केलं होतं, ताई?"

"काही नाही."

"मग?"

"ते तुला नेंग म्हणाले."

तिला ते कळलं की नाही, मला माहीत नाही. तिने बीकर परत उचलला. मग म्हणाली, "जा तुम्ही इथून. प्लीज, जा."

सोमवारी सकाळी मी गुमिलार साहेबांना सगळं सांगितलं. ते आधी विश्वासच ठेवेनात. मग ठेवला, आणि त्यांचा आवाज इतका खाली गेला की मला पुढे वाकून ऐकावं लागलं. काढून टाकायलाच हवं होतं, म्हणाले, पण स्वतः येऊन सांगितलंत. तीन महिने मला शेडमधून काढून आवारात घातलं, ओदिकच्या हाताखाली, ढेपा भरायला. ओदिकने पहिल्या दिवशी एक शब्द चेष्टेचा काढला नाही. तेच फार लागलं. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "ताई, फावडं असं धरा, नाहीतर कंबर जाईल," तेव्हा मला हायसं वाटलं.

यंत्र परत गेलं नाही. रेंगानिसने पत्र मागे घेतलं. चुन्याची उरलेली पोती ट्रकमध्ये चढवली ती मीच.

तीन महिने ती माझ्याशी बोलली नाही. माझी मुदत संपायच्या आठवड्यात आवारात आली, हातात कागद.

"साहेबांना मी सांगितलंय की नव्या प्रेसवर तुम्हाला घ्या."

"का?"

"तुम्हाला माफ केलंय म्हणून नाही. सोमवारचा गाळ अजून मला नीट जमत नाही. नाक सांगतं, घड्याळ सांगतं, पण मध्येच बिघडतो. तुमचा हात लागेल."

मी तिच्या मागून आत गेले. भुकटी भिजत घातलेली होती, ढवळणी इतकी हळू फिरत होती की थांबली आहे असं वाटावं. मला विचारायला खूप जड गेलं, पण विचारलं.

"जोरात ढवळलं तर लवकर नाही का विरघळणार?"

"तुटतं," ती म्हणाली. "पॉलिमर म्हणजे लांबच लांब धागे. एकेक धागा खूप कणांना एकदम पकडतो. जोरात फिरवलं तर धागे तुटतात, मग पकडणार कोण?"

"आणि हे धागे कणांना चिकटतातच कशाने?"

तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मग स्टूल ओढलं आणि सांगायला लागली. अजूनही ती मला एक विचारलं तर तीन सांगते, आणि मी काही लिहून घेते, काही विसरते.

आबांचं मनगट वाकडंच जुळलं. आता ते मुलाकडे तासिकमलायाला असतात. इतक्या लांबून रोज येणं शक्य नाही. शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर त्यांचा फोन येतो, रेंगानिसच्या फोनवर. ती शेडच्या दारात उभी राहून बोलते. कुठल्या टाकीचा वास कसा आला, कापड किती दिवस टिकलं, नवीन भुकटी कशी आहे. मधूनच मोठ्याने हसते. मी पट्टा धूत असते, आणि ती किती वेळ बोलली हे मला घड्याळ न बघता कळतं. मागच्या शुक्रवारी बारा मिनिटं.

मग ती फोन माझ्याकडे धरते. "घ्या. आबा तुम्हाला विचारतायत."

मी हात पुसते आणि घेते.